क्राउन व्हील एकटे बदलू नये

ॲम्बॅसडर गाडीचे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरपेटी) रडते, म्हणजे चालताना सतत कण्हल्यासारखा आवाज करते, म्हणून भंगारातून त्यातले नुसते क्राउन व्हील आणून बसवावे, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. क्राउन व्हील (मोठे दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे दातेरी चक्र) कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोहोंवर सहसा जोडक्रमांक कोरलेला असतो. बदलायचे तर जोडीनेच बदलावे.

मात्र त्याआधी आवाज नीट ओळखावा. कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडल्यावरच रडणे वाढत असेल, तर पहिला संशय पिनियनच्या बेअरिंगवर घ्यावा. गाडी सुटताना ‘खट्ट’ वाजत असेल, तर आधी युनिव्हर्सल जॉइंट (डिफरन्शियलला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा लवचिक सांधा) तपासावा, कारण ते काम स्वस्तातले आहे.

डिफरन्शियल खोललेच, तर खरी कसोटी शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, लावण्यात आहे. दातांना तेलात कालवलेला शेंदूर पातळ लावून, क्राउनला हाताने किंचित अडवत पिनियन फिरवावे आणि उमटलेला ठसा पाहावा. तो दाताच्या शेंड्याकडे सरकलेला दिसला, तर पिनियन आत, म्हणजे क्राउनकडे, घ्यावे लागते, आणि त्यानंतर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेज या काट्याच्या मोजमाप-यंत्रावर पुन्हा मोजावाच लागतो, कारण एक माप हलवले की दुसरे हलते. हव्या त्या जाडीची शिम नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडून (सपाट पृष्ठभाग घासून नेमक्या मापाला आणणाऱ्याकडून) करून घेता येईल. पत्रा कापून केलेली शिम मी तरी वापरणार नाही.

जाता जाता ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतला हवेचा दाब बाहेर सोडणारे छिद्रही साफ करावे, कारण ते बुजलेले असले की नवे ऑइल सीलही गळते आणि तेल मागच्या ब्रेकवर उतरते.