जुना एसएसीडी प्लेयर: घ्यावा का?

ए-३०४: नमस्कार मंडळी. सोसायटीचा विषय नाही, पण इथे गाणं ऐकणारी माणसं आहेत म्हणून विचारतो. विजयनगरमधले एक गृहस्थ मरांट्झ कंपनीचा एसए-११एस२ हा एसएसीडी प्लेयर विकताहेत. एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा बारकाईने आवाज साठवणारी डिस्क; त्यावर साधी सीडीही वाजते. सव्वा लाख म्हणतात. अगदी नवा कोरा दिसतो, एक ओरखडा नाही. घेऊ का?

सी-१०२: सव्वा लाख? भिया, एवढ्यात स्कूटर दारात येते 😄

बी-२०१: फोनवर सगळं मिळतं की दादा. सीडी कोण लावतं आता?

ए-३०४: बाबांनी जमवलेल्या सीडींनी दोन कपाटं भरली आहेत. अमीर खाँसाहेब, कुमारजी... त्यातलं बरंचसं फोनवर सापडत नाही, शोधून झालंय.

बी-४०३: पाण्याचा टँकर आज येणार की नाही?

ए-१०१ सेक्रेटरी: साडेचारला. गेटजवळच्या गाड्या हलवा कृपया.

डी-२०२ काका: ओरखडे काय बघतोस? तो चेहरा झाला. प्लेयरचा जीव लेझरमध्ये असतो, आणि लेझर वापराने म्हातारा होतो. एसएसीडी प्लेयरमध्ये तर दोन वेगळे लेझर लागतात. साध्या सीडीला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, एसएसीडीच्या थराला ६५० चा. एक ठणठणीत आणि दुसरा आचके देतोय, असं सर्रास होतं. विकणारा सीडी लावून दाखवतो, आपण खूश होऊन पैसे मोजतो, आणि घरी एसएसीडी घातली की स्क्रीनवर ‘नो डिस्क’.

ए-३०४: म्हणजे दोन्ही लावून बघायच्या?

डी-२०२ काका: आपल्या घरच्या घेऊन जा, त्यांच्या नकोत. एक एसएसीडी, एक छापील सीडी आणि एक घरी कॉपी केलेली. कॉपी केलेल्या सीडीवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे थकलेला लेझर तिथे आधी अडखळतो. डिस्क आत गेल्यावर गाण्यांची यादी यायला किती वेळ लागतो तेही बघ. फार वेळ घिरट्या घालत राहिला तर समज.

बी-२०१: आणि वाजली की झालं?

डी-२०२ काका: पहिलं गाणं वाजलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे, कडेला पोचेपर्यंत २०० वर येतात. लेझर ज्या रुळावर सरकतो त्याचं ग्रीस सुकलं असेल, तर भानगड शेवटच्या गाण्यांत कळते. ७० मिनिटांच्या वरची भरगच्च सीडी घे आणि थेट शेवटच्या गाण्यावर जा. मग पहिल्यावर, परत शेवटच्यावर. विकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडेपर्यंत कर 😀

एफ-३०१ मावशी: भाऊ, खाँसाहेबांचा विलंबित झुमरा, म्हणजे झुमरा तालातला अगदी संथ ख्याल, लावून बघायला सांगा ना. दोन स्वरांमध्ये एवढी शांतता असते की कुठे घरघर असली तर लगेच कानावर येते.

डी-२०२ काका: अगदी बरोबर बोललात. ढोल-ताशात सगळं झाकलं जातं. ट्रे मात्र गाणं बंद ठेवून चार-पाच वेळा उघड-बंद करायचा. अडकला तर बहुधा रबरी पट्टा ताठरलेला असतो, ते काम किरकोळ. लेझरचं तसं नाही. या मॉडेलचा लेझर आज कुठे मिळतो ते शोधून मगच किंमत बोल. मिळत नसेल तर सव्वा लाखाची शोभेची वस्तू.

ए-३०४: त्यांनी आत्ता मागच्या पाटीचा फोटो पाठवलाय. एसी १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. हे काय?

डी-२०२ काका: जपानच्या बाजारातला माल. आपल्या २३० ला थेट लावलास तर एका सेकंदात धूर. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. प्लेयर फार वीज खात नाही, १०० व्होल्टवाला चांगला ट्रान्सफॉर्मर पुरतो. ११० वाला नको, पाटीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं. महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचार.

ए-३०४ वहिनी: काका, एक शंका. त्याचा प्लग चपट्या पट्ट्यांचा आहे ना? आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाला सगळे प्लग बसतात, तोही बसेल. झाडलोट करताना कोणी तिथे खुपसला तर?

डी-२०२ काका: सूनबाई, हा प्रश्न प्लेयर घेणाऱ्याने विचारायला हवा होता. प्लग ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटात घालून वर टेप गुंडाळा आणि ट्रान्सफॉर्मर कपाटामागे ठेवा. मोकळा सोडायचा नाही.

सी-१०२: तरी सव्वा लाख जास्तच ना काका?

डी-२०२ काका: माझं मत विचारशील तर हो. तुमच्याकडे एसएसीडी किती आहेत रे?

ए-३०४: मोजक्याच. सात-आठ असतील. बाकी सगळ्या साध्या सीडी.

डी-२०२ काका: मग एसएसीडीसाठी एवढा जीव का टाकतोस? तो फॉरमॅट १९९९ मध्ये आला आणि हौशी मंडळींपुरताच राहिला. तुझं भांडार साध्या सीडींचं आहे. शिवाय या एसए-११एस२ ला डिजिटल इनपुट नाही. लेझर गेला की डबा बंद. पुढच्या मॉडेलला, एस३ ला, यूएसबी आणि ऑप्टिकल इनपुट आहेत, त्याचा लेझर मेला तरी लॅपटॉप जोडून डॅक म्हणून, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारं यंत्र म्हणून, वाजतो. जुनं घेताना मी तेवढा एक दरवाजा उघडा ठेवतो.

ए-३०४: एस३ इथे कुठे मिळायला... आणि हा हातातला सुटला तर?

डी-२०२ काका: सुटू दे. किंवा ट्रान्सफॉर्मरचा आणि लेझरचा खर्च वजा करून आकडा सांग. नव्वद हजारांच्या वर जाऊ नकोस. चाचणी करू देत नसतील तर चहा पिऊन परत ये.

ए-३०४: रविवारी सकाळी जातो. काका, येता का बरोबर?

डी-२०२ काका: येतो. अकरानंतर, त्याआधी माझा रियाज.

एफ-३०१ मावशी: माझी झुमऱ्याची सीडी न्या, पण परत द्या हं.

डी-२०२ काका: आणि घेतलाच तर डिस्क काढून, गाडीच्या सीटवर सपाट ठेवून आणायचा. काही प्लेयरना वाहतुकीसाठी लॉक असतो, तो असेल तर आधी लावून घेऊ.

सी-१०२: मीही येतो. उचलायला कोणीतरी लागेलच ना 😀