राउंडट्रिप टेस्ट हिरवी, म्हणून जुना डेटा वाचता येतो? काय सांगता!

ऑफसेट_शून्य:
काल इथे प्रोटोभक्त यांनी लिहिलं की जुन्या व्हर्जनच्या बायनरी फायली रेपोत साठवणं म्हणजे निव्वळ अडगळ, प्रत्येक स्ट्रक्टला (डेटाच्या साच्याला) राउंडट्रिप टेस्ट, म्हणजे एनकोड करून बाइट लिहायचे आणि डीकोड करून परत तेच मिळतं का बघायचं, एवढी असली की पुरे. त्यावर लोकांचे अंगठेही पडले, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, राउंडट्रिपमध्ये लिहिणारा कोड आजचा आणि वाचणाराही आजचाच. पेपर स्वतः काढायचा, स्वतः सोडवायचा, स्वतःच तपासायचा. नापास कोण होणार?

बाणेरच्या एका कंपनीत पाहिलेलं सांगतो. स्नॅपशॉटच्या (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीच्या) स्थितीचा एनम, म्हणजे आकड्यांना नावं देणारी यादी, होती: 0 चालू, 1 पूर्ण, 2 रद्द. यादी नीट दिसावी म्हणून एका हुशाराने 'थांबवलेला' मधेच घुसवला. तो झाला 2, 'रद्द' गेला 3 वर. सगळ्या टेस्ट हिरव्यागार. ग्राहकाच्या डिस्कवरचे जुने 2 मात्र 2च राहिले ना! अपग्रेडनंतर रद्द केलेले सगळे स्नॅपशॉट 'थांबवलेले' म्हणून जिवंत झाले, क्लीनर त्यांना हात लावेना आणि व्हॉल्यूम भरत गेलं. क्रॅश नाही, चेकसम बरोबर, लॉगमध्ये अवाक्षर नाही.

सेफ (Ceph) या स्टोरेज सिस्टिमवाल्यांनी हे कधीच ओळखलंय. जुन्या व्हर्जननी खरोखर लिहिलेली ऑब्जेक्ट्स ते वेगळ्या रेपोत जपून ठेवतात आणि आजच्या सेफ-डेनकोडरला (त्यांच्या एनकोड-डीकोड तपासायच्या टूलला) ती वाचायला लावतात. वाचता आली नाहीत की टेस्ट लाल. ही म्हणे अडगळ!

प्रोटोभक्त:
आवेशात स्वतःचंच उदाहरण तपासायचं राहिलं वाटतं. तुमचा 2 आजच्या कोडमध्ये सुखरूप डीकोड होतो. म्हणजे जुन्या फायलींच्या कॉर्पसनेही (संग्रहानेही) काही पकडलं नसतं. घरची फॉरमॅट-कारागिरी सोडा, प्रोटोबफ (डेटा बाइटमध्ये लिहिण्याचा गूगलचा तयार फॉरमॅट) वापरा, आणि डोकेदुखी संपवा.

ऑफसेट_शून्य:
डीकोड करून थांबलात तर नाही पकडणार. जेसन डंप (माणसाला वाचता येईल असा मजकूर) काढायचा आणि जुन्या बिल्डने त्याच फायलीचा काढलेला डंप शेजारी ठेवून डिफ करायचा, म्हणजे फरक बघायचा. तिकडे 'रद्द', इकडे 'थांबवलेला', दिसतं लगेच. हे वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण असो.

आणि प्रोटोबफ? तिथे फील्ड नंबरवरून ओळखली जाते. काढून टाकलेल्या फील्डचा नंबर रिझर्व्ह न करता पुन्हा वापरणारे महाभाग हिंजवडीच्या प्रत्येक बसमध्ये भेटतील. टाइप तोच ठेवून सेकंदांचे मिलिसेकंद केले, तर प्रोटोबफ तुम्हाला थांबवणार आहे का?

रविवारी_ऑनकॉल:
दोघेही अर्ध्याच बाजूने भांडताय. रोलिंग अपग्रेडमध्ये, म्हणजे एकेक सर्व्हर करत अपग्रेड चालू असताना, अर्धे नोड जुने असतात. नव्याने लिहिलेलं जुन्याला वाचता यायला हवं, ती टेस्ट कोण लिहितं? सेफच्या एनकोडिंगमध्ये दोन आकडे असतात: स्ट्रक्टचं व्हर्जन, आणि किमान कुठल्या व्हर्जनच्या डीकोडरला ते समजेल. शिवाय लांबी, म्हणजे जुना डीकोडर अनोळखी शेपूट सोडून पुढे जातो. आमच्याकडे दुसरा आकडा सगळे डोळे मिटून कॉपी करतात. गणपतीच्या सुट्टीत रोलबॅक करायची (जुन्या व्हर्जनवर परत जायची) वेळ आली की मग कळतं, फोन मला येतो.

शिवाजी_फॉन्ट_पीडित:
तुमच्या डेटाला व्हर्जन तरी आहे. माझ्या काकांच्या पतसंस्थेची जुनी सभासद यादी कुठल्याशा मराठी फॉन्टमध्ये आहे. फायलीत फॉन्टचं नाव नाही, उघडली की नुसती इंग्रजी चिन्हं. इस्की हे भारतीय लिप्यांचं कोडिंग 1991 साली भारतीय मानक झालं, सरकारी संगणक संस्था सीडॅक इथे पुण्यातच, तरी पेठांमधल्या डीटीपीवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मात्रा-वेलांट्या कोंबल्या!

नारायण_पेठ:
डीटीपीवाल्यांवर घसरायचं कारण नाही. माझं आयुष्य त्यात गेलंय. छापायला जे चालत होतं ते वापरलं. पेपर रात्री निघायचा, तुमच्या मानकाची वाट बघत बसलो असतो का?

शिवाजी_फॉन्ट_पीडित:
छापा हो, पण तीच फाइल डेटाबेस म्हणून का दिलीत? आणि युनिकोड आल्यावर तरी सुटलो का? एकसंध ॲ आला 5.1 मध्ये, 2008 साली. त्याआधीच्या नोंदींत अ वर वेगळा चंद्र. दिसायला सारखे, बाइट वेगळे, नॉर्मलायझेशनही (समान अक्षरं एकरूप करायची युनिकोडची पद्धत) दोघांना एक मानत नाही. यादीत 'ॲड.' शोधलं की निम्मे वकील गायब.

नारायण_पेठ:
त्याचंही खापर आमच्यावरच फोडा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

रविवारी_ऑनकॉल:
निम्मे वकील गायब झाले तर पुण्याचं काही बिघडणार नाही.

ऑफसेट_शून्य:
धागा सिरियलायझेशनचा, म्हणजे डेटा बाइटमध्ये लिहिण्या-वाचण्याचा आहे, मंडळी.

शिवाजी_फॉन्ट_पीडित:
मग हे दुसरं काय आहे? व्हर्जन नसलेला फॉरमॅट, आणि जुना डीकोडर कोणी जपून ठेवला नाही.

प्रोटोभक्त:
फॉन्टवाल्यांचा मुद्दा तुमच्यापेक्षा जास्त पटला, ऑफसेटराव. ठीक आहे, प्रत्येक रिलीजच्या थोड्या फायली आणि त्यांचे डंप ठेवतो. पण सगळं जपायचं हा अट्टहास सोडा. सेफसुद्धा मागच्या दोनच रिलीजवरून थेट अपग्रेडची हमी देतं.

ऑफसेट_शून्य:
आणि एसक्यूलाइट 3 या डेटाबेसची फाइल 2004 पासून वाचता येते, 2050 पर्यंत सपोर्टचा त्यांचा इरादा आहे. ज्याचा त्याचा वकूब.

प्रोटोभक्त:
तुमच्या कंपनीने एनम सांभाळला असता तरी पुष्कळ होतं.

नारायण_पेठ:
शिवाजीराव, फाइलचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चिन्हं बघून फॉन्ट सांगतो. फुकट नाही हां.