पायांवरील ठिपके आणि अस्थिमज्जेची तपासणी

ए-३०२: ह्यांच्या पोटऱ्यांवरील लाल ठिपक्यांचे छायाचित्र मी १५ दिवसांपूर्वी आपल्या सोसायटीच्या या गटावर टाकले, तेव्हा ‘ढेकूण झाले असतील’ म्हणून हसणाऱ्यांना कळवते की, आज डॉक्टरांनी अस्थिमज्जेची तपासणी सांगितली आहे.

बी-१०४: वाईट वाटले, वहिनी. थकव्यावर लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात, हे मी तेव्हाच सुचवले होते.

सी-२०१: लोह कमी आहे की नाही हे न तपासता गोळ्या कशा द्यायच्या, काका? मी २२ वर्षे प्रयोगशाळेत रक्ताच्या स्लाइड पाहिल्या आहेत, म्हणून सांगते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट या तिन्ही हाडांच्या आतील मज्जेतच तयार होतात. त्यामुळे ती बिघडली की धाप व फिकटपणा, वरचेवर येणारा ताप आणि हिरड्यांतून रक्त किंवा असे ठिपके ही लक्षणे पुष्कळदा जोडीने दिसू लागतात. ढेकणाच्या चाव्याला खाज सुटते, गांधी उठतात. हे ठिपके मात्र सपाट, टाचणीच्या डोक्याएवढे असतात आणि काचेचा पेला दाबून पाहिला तरी पुसट होत नाहीत.

डी-४०३: धापेचेच म्हणाल, तर लिफ्ट दीड महिना बंद असल्यामुळे आम्हा चौथ्या मजल्यावरील सर्वांचीच मज्जा तपासावी लागेल. 😀

सचिव: लिफ्टचा विषय सभेत मांडावा. ज्यांची वर्गणी थकली आहे, त्यांनी तरी येथे विनोद करू नयेत, ही नम्र विनंती.

ए-३०२: ह्यांना बसल्या जागी धाप लागते.

डी-४०३: क्षमा करा, वहिनी.

बी-१०४: तरीही लोहाच्या गोळ्यांनी अपाय तर होत नाही ना?

सी-२०१: होतो, काका. वारंवार रक्त चढवावे लागले, तर लोह अंगात साठून राहते. शिवाय गोळ्यांच्या भरवशावर महिना निघून जातो, तो वेगळाच. वहिनी, बी-१२ जीवनसत्त्व फार कमी झाले तरी तिन्ही पेशी घटतात आणि तो दोष इंजेक्शनांनी भरून निघतो, त्यामुळे तपासणीच्या नावानेच धीर सोडू नका. प्लेटलेट किती आल्या?

ए-३०२: १८,०००. उद्या सकाळी ८ वाजता दाखल करणार आहोत.

सी-२०१: एरवी त्या दीड ते साडेचार लाख असतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि दाढीचे ब्लेड आज दूर ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला, नाकातून रक्त आले किंवा डोके अचानक ठणकू लागले, तर सकाळची वाट पाहू नका.

बी-१०४: आणि लोहाच्या...

सी-२०१: काका!

डी-४०३: वहिनी, भावजींना खुर्चीवर बसवून खाली उतरवायला मी आणि माझा मुलगा साडेसातला येतो.

सचिव: लिफ्टच्या कंत्राटदाराला मी आज पुन्हा फोन करतो.

डी-४०३: ‘पुन्हा’ वाचून गंमत वाटली.