कारण फक्त पैशांचं नव्हतं

अमेरिकी भयपट-दिग्दर्शक जॉन कारपेंटरने स्वतःच्या सिनेमांना स्वतःच संगीत दिलं ते निव्वळ पैसे नव्हते म्हणून, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. 'हॅलोवीन'च्या (१९७८) वेळी बजेट जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास होतं, ऑर्केस्ट्रा परवडणं शक्यच नव्हतं, हे खरं. पण सिंथेसायझरवर नुसतंच काहीतरी उरकलं असतं तर त्या सिनेमाची मुख्य धून आज कुणाला आठवली असती का? तिचं मूळ घरात आहे. वडील संगीताचे प्राध्यापक; त्यांनी लहानपणी बाँगोवर पाच-चारचा, म्हणजे आवर्तनाला पाच ठोक्यांचा, ठेका शिकवला होता, तोच पोराने पियानोवर आणला. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग धरले तर आपल्या झपतालासारख्याच दहा मात्रा मोजता येतात, फक्त तुकडे ३-३-२-२ असे पडतात. मी कीबोर्डवर वाजवून पाहिलं. सूर अगदी सोपे, पण चार ठोक्यांची सवय असलेला हात दर वेळी एक पाऊल चुकतो. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. भीती तिथेच आहे.

आणि 'हॅलोवीन'च्या श्रेयनामावलीत वादक म्हणून 'बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा' असं भारदस्त नाव झळकतं, तो वाद्यवृंद अस्तित्वातच नव्हता! बोलिंग ग्रीन हे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं कारपेंटरचं गाव.

बाकी त्याच्याच 'द थिंग'ला (१९८२) इटालियन संगीतकार एन्यो मोरिकोने होता, म्हणजे पैसे आल्यावर त्याने दुसऱ्याकडून संगीत करून घेतलंही. तरी पुढच्या बहुतेक सिनेमांत तो पुन्हा स्वतःच वाजवत बसला.