परदेशातल्या कामगारांसाठी वेगळं मंत्रालय हवं का?

दापोलीकर
माझ्या चुलतभावाचं पार्थिव आखातातून यायला १९ दिवस लागले. पोलिसांचा दाखला, कंपनीचं पत्र, दूतावासाचा शिक्का. रोज फोन करायचा, रोज "उद्या करा". काकू अंगणात बसून गाडीची वाट बघायची. परराष्ट्र मंत्रालयाला करार आणि शिखर परिषदा सांभाळू देत. कामगारांचं खातं वेगळं काढा, हे माझं ठाम मत आहे.

नूतन, नाशिक
वाचून वाईट वाटलं. पण वेगळं खातं काढून झालंय. २००४ मध्ये अनिवासी भारतीयांसाठी स्वतंत्र मंत्रालय आलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं. दूतावास परराष्ट्र खात्याचेच असतात. वेगळ्या मंत्र्याचं पत्रही शेवटी त्याच टेबलावर जाणार. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर परराष्ट्रमंत्री गुजराल स्वतः बगदादला जाऊन सद्दामना भेटले. त्या भेटीवरून टीकाही झाली, पण दीड लाखाहून जास्त माणसं अम्मानमार्गे घरी आली. ज्याची त्या राजवटीशी बोलणी आहेत, तोच माणसं सोडवू शकतो.

दापोलीकर
युद्धात सगळेच धावतात हो. एकटा गवंडी दगावला तर कोण धावतं? या खात्याचं मूळच बघा. १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते काढलं गुप्त आणि राजकीय व्यवहारांसाठी. नेहरूंनीही परराष्ट्र खातं शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं, कारण ते धोरणाचं खातं होतं. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांसाठीचा १९८३चा कायदा मात्र २००४ पर्यंत कामगार मंत्रालयाकडे होता. मजुराचा करार, थकलेला पगार त्यांना तरी कळतो.

माजी कारकून
नूतनताईंशी सहमत. खातं तेच राहू दे, त्यात माणसं वाढवा. सगळ्या जगासाठी भारतीय विदेश सेवेचे अधिकारी हजाराच्या आसपास, एवढ्यात काय होणार? आणि खातं बदलू शकतं. पासपोर्टसाठी मुंबई-पुण्याच्या खेपा घालाव्या लागायच्या, २०१७ पासून पोस्टातही केंद्रं निघाली. दापोलीकर, दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. ऐपत नसेल तर पार्थिव आणायचा खर्च त्यातून मिळतो. तुम्ही अर्ज केला होता का?

दापोलीकर
१९ दिवसांत एकानेही या निधीचं नाव काढलं नाही. काकूच्या पाटल्या मोडून आम्ही पैसे भरले.