संसाधन कक्ष तालुक्याच्या गावातून केंद्रशाळांत हलवावेत का?

कोपऱ्यातला बाक

आमच्या तालुक्यात सध्या यावर बरंच बोललं जातंय, म्हणून धागा काढतोय. दिव्यांग मुलांसाठीचा संसाधन कक्ष आज गटसाधन केंद्रात आहे, म्हणजे तालुक्याच्या गावी. तो तिथून उठवून दोन मोठ्या केंद्रशाळांत (केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा शाळांचा गट, त्याची मुख्य शाळा ती केंद्रशाळा) न्यायचा आणि पुढे आणखी केंद्रशाळांत वाढवायचा, असं घाटतंय. मी त्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. माझं मत: न्यावा, आणि पुढच्या जूनच्या आत न्यावा.

आत्ताचा कक्ष कुणी बघितलाय? पहिल्या मजल्यावर आहे. चालता न येणाऱ्या मुलांचा कक्ष, आणि वर जायला जिना! पोरांना आया कडेवर घेऊन चढतात. आत थेरपीचा मोठा चेंडू आहे, उभं राहायला शिकवायच्या समांतर दांड्या आहेत, एक उंच आरसा आहे. उरलेल्या निम्म्या खोलीत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे. जूनमध्ये नवी पुस्तकं उतरली की त्या दांड्यांपर्यंत पोचायला वाट राहत नाही.

शिक्षण हक्काच्या आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं म्हटलंय. मग ज्याला चालायलाच जड जातं त्याने व्यायामासाठी वीस-पंचवीस किलोमीटर एसटीने का जावं? शिवाय २०२४ मध्ये राज्याने प्रत्येक केंद्रासाठी एक अशी विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. पद केंद्रावर आणि साहित्य तालुक्याला, ही कुठली तऱ्हा?

विरोध करणाऱ्यांनी जरूर लिहा. फक्त "आधी मूलभूत सुविधा द्या" एवढंच लिहून जाऊ नका, ते मलाही कळतं.

रोखठोक७७

आधी मूलभूत सुविधा द्या. 😀

थट्टा सोडा, पण कुठली केंद्रशाळा आणि कुठली रिकामी खोली? आमच्याकडे जी एक होती तिथे पोषण आहाराचा तांदूळ आहे.

फिरता खडू

मी विशेष शिक्षक आहे. बरीच वर्षं कंत्राटावर काम केलंय, आणि माझा या स्थलांतराला विरोध आहे. जिना, गठ्ठे, एसटी हे सगळं खरं आहे. तरीही.

कक्ष म्हणजे खोली असं धरून चाललात तर हलवणं सोपं आहे, टेम्पो लावला की झालं. पण फिजिओथेरपिस्ट अख्ख्या तालुक्याला एकच आहेत. ते आठवड्यातून एक दिवस येतात. एकाच्या दोन जागा केल्या की प्रत्येक जागी पंधरा दिवसांनी येतील, चार केल्या की महिन्याने. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाच्या पायाचे स्नायू महिनाभर थांबत नाहीत, आखडत जातात. तालुक्याला निदान ठरलेला वार आहे आणि आयांना तो पाठ आहे.

दुसरं जास्त काळजीचं आहे. शाळेत असा कक्ष झाला की वर्गशिक्षक सुटतात. मी हे डोळ्यांनी बघते. परिपाठ संपतो न संपतो तोच एक मोठी मुलगी एका लहान्याला दंडाला धरून आणते: "मॅडम, सरांनी सांगितलंय, हा तुमचा." तुमचा! हजेरी त्यांच्या पटावर, बाक त्यांच्या वर्गात, आणि मूल माझं. मराठीच्या तासाला तो वर्गात बसला असता तर त्याने कवितेवर टाळ्या तरी वाजवल्या असत्या. कक्षात तो आणि मी, मण्यांची पाटी घेऊन. याला समावेशित शिक्षण म्हणायचं?

आणि त्या ४,८६० पदांचं म्हणाल, तर एका केंद्रात दहा-पंधरा शाळा येतात. भारत सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. केंद्राला एक शिक्षक देऊन वर त्याला एका शाळेतल्या कक्षाची किल्ली दिलीत, तर बाकीच्या शाळांत तो कधी जाणार? मला जागेवर बसवू नका, गाडीभाडं द्या. मुलाच्या वर्गात जाऊन, त्याच्या शिक्षकांसमोर काम करू द्या.

कोपऱ्यातला बाक

मॅडम, वर्गशिक्षक अंग काढून घेतात म्हणून साहित्यच लांब ठेवायचं? मग मूल वर्गात बसतं खरं, पण शेवटच्या बाकावर, आणि त्याच्याकडे बघतं कोण? कक्ष शाळेत असला तर निदान मुख्याध्यापकांना रोज दिसेल. दिसणाऱ्या गोष्टीबद्दल समितीत प्रश्न विचारता येतो. तालुक्याला काय चाललंय हे आम्हाला कळतसुद्धा नाही.

थेरपिस्टचा मुद्दा मात्र मान्य. तो वार एकाच ठिकाणी राहावा.

दुपारची एसटी

माझी मुलगी तिसरीत आहे. सेरेब्रल पाल्सी. मी शक्यतो असल्या चर्चेत लिहीत नाही, पण इथे दोन्हीकडून आमच्याच नावाने बोलणं चाललंय.

थेरपीच्या दिवशी माझी मजुरी जाते. सकाळची गाडी पकडायची, अकराला पोचायचं, नंबर लागला की पाऊण तास व्यायाम, आणि परतीची गाडी अडीचला. तोवर स्टँडवर बसून राहायचं. तिला बाहेरच्या संडासात नेणं हे वेगळंच दिव्य, ते पुरुषांच्या लक्षात येणार नाही. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता कागदावर आहे. तो खात्यात पडतो तोवर वर्ष संपत आलेलं असतं.

तरी गावाजवळ कक्ष नको म्हणणाऱ्या बाया मला माहीत आहेत, आणि त्या वेड्या नाहीत. एकीचा मुलगा नीट बोलत नाही. ती म्हणते, तालुक्याला मला कोण ओळखतं? इथे शाळेत त्या खोलीत जाताना सगळ्या गावाने बघायचं, आणि उद्या थोरलीच्या लग्नाची बोलणी निघाली की तेच पुढे येणार. मी तिला म्हटलं, गावाला आत्ता काय माहीत नाही का? पण तिची भीती खरी आहे.

माझं विचाराल तर कक्ष जवळ हवा. पण मॅडम म्हणतात तसं मुलीला दिवसभर तिथे कोंडणार असाल तर नको. तिला वर्गात मैत्रिणी आहेत. त्या तिची वही भरून देतात, भांडतात, तिच्या डब्यातली चटणी पळवतात. ते बंद झालं तर जवळच्या कक्षाचं मी काय करू?

हातवारे

माझा मुलगा कर्णबधिर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी विशेष शाळेत शिकतो. माझा या विस्तारालाच विरोध आहे, आणि जागा कुठलीही असो.

या चर्चेत सगळ्या मुलांना एका गाठोड्यात बांधलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. चालण्याची अडचण, न दिसणं, न ऐकू येणं, स्वमग्नता, वाचन-लेखनाची अडचण, या सगळ्यांना एकच खोली आणि एकच शिक्षक? कर्णबधिर मुलाला सगळ्यात आधी भाषा लागते, आणि भाषा बोलायला दुसरं माणूस लागतं. केंद्रशाळेत तो एकटाच असेल तर तो खुणा कोणाशी करणार? माझा मुलगा गावच्या शाळेत दोन वर्षं गप्प बसायचा, फळ्यावरचं सुबक उतरवून काढायचा. अक्षर सुंदर म्हणून शाबासकी मिळायची. अर्थ एकाही शब्दाचा माहीत नव्हता. विशेष शाळेत गेला आणि सहा महिन्यांत माझ्याशी वाद घालायला लागला.

त्याच कायद्याचं ३१ वं कलम वाचा. ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि निवड त्याची. माझी भीती अशी की दर केंद्रशाळेत कक्ष झाला की उद्या म्हणतील, आता विशेष शाळा कशाला? सामान्य शाळा शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. एकाने पाटी लावली की दुसऱ्याला हात आखडायला निमित्त मिळतं.

कोपऱ्यातला बाक

तुमच्या मुलाबद्दल पटलं. पण विशेष शाळा टिकवायची म्हणून गावातल्या बाकीच्या पोरांनी जिना चढत राहायचं का? तुमचा लढा वेगळा आहे, तो लढा, मी सही करतो.

हातवारे

सही नको, प्रस्तावात एक ओळ घाला: कक्षामुळे कोणत्याही मुलाचा विशेष शाळेचा प्रवेश अडवला जाणार नाही.

जुने गुरुजी

मुख्याध्यापक होतो, निवृत्त आहे. माझा पाठिंबा आहे, मात्र इथे कुणी न मांडलेल्या कारणासाठी.

तुम्ही सगळे दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलांबद्दल बोलताय. मला काळजी वाटायची ती बिनदाखल्याच्या मुलांची. चौथीतला मुलगा, तोंडी गणितात पुढे, व्यवहारात तरबेज, बाजारात बापाचा हिशेब तोच ठेवणार, आणि वाचायला दिलं की "कमळ"चं "कळम". त्याला आम्ही काय म्हणत आलो? आळशी, नाहीतर ढ. वाचनाची अक्षमता २०१६ पासून कायद्यात आहे, पण तपासणी करून दाखला मिळायचा तर जिल्हा रुग्णालय, तिथली तारीख, मग पुन्हा तारीख. बाप दोनदा जातो, तिसऱ्यांदा म्हणतो मरू दे. असली पोरं तालुक्याच्या कक्षात कधीच पोचत नाहीत, कारण त्यांना तिथे पाठवतंच कोणी नाही. कक्ष शाळेत असला आणि विशेष शिक्षक शेजारच्या खोलीत असले, तर मधल्या सुट्टीत चहा घेताना मी एवढं तरी विचारू शकतो, की मॅडम, जरा या पोराचं वाचन ऐकता का?

अडचणीही सांगतो. जिथे दोन शिक्षक पाच वर्ग ओढतात तिथे विशेष शिक्षक आले की त्यांनाच पहिली-दुसरी सांभाळायला लावतात. मीही मुख्याध्यापकच होतो, खुर्चीवरून काय सुचतं ते मला ठाऊक आहे. म्हणून त्यांचं वेळापत्रक गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं असावं, मुख्याध्यापकाला बदलता येऊ नये. तळमजल्याची खोली, रॅम्प, आणि त्या खोलीला लागून बसायचं संडास. हे तिन्ही झाल्याशिवाय सामान हलवू नये.

रोखठोक७७

गुरुजी, रॅम्प असतात हो. आमच्या शाळेचा असा उभा आहे की पोरं त्याची घसरगुंडी करतात. मोजमाप कोण घेणार?

कार्डिफकर

मी वेल्समध्ये राहतो, मुलं इथल्या प्राथमिक शाळेत आहेत. हाच वाद इथेही चालतो. सामान्य प्राथमिक शाळेत वेगळा विशेष वर्ग असतो, आणि स्थानिक कौन्सिल अधूनमधून तो एका शाळेतून दुसरीकडे हलवायचा किंवा जागा वाढवायच्या म्हणतं. इथल्या पालकांनाही नेमकी हीच काळजी: ओळखीचे शिक्षक जातील, प्रवास वाढेल.

दोन गोष्टी उपयोगी पडतील म्हणून सांगतो. २०१८ च्या इथल्या कायद्याने, २०२१ च्या सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने, अशा मुलाचा स्वतःचा विकास आराखडा बनतो. मदत काय आणि किती हे त्यात लिहिलेलं असतं, आणि ते पटलं नाही तर पालक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. म्हणजे खोली हलली तरी मदत कागदावर बांधलेली राहते. दुसरं, असा बदल करायच्या आधी कौन्सिलला लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. त्याला किमान ४२ दिवस, आणि त्यातले किमान २० दिवस शाळा चालू असलेले, म्हणजे सुट्टीत गुपचूप उरकता येत नाही. पुढे अधिकृत सूचना निघाली की हरकतींना आणखी २८ दिवस.

रोखठोक७७

झालं, आलं परदेश. तिकडे कौन्सिलकडे पैसा आहे, इथे बल्ब बदलायला वर्गणी काढतात.

कार्डिफकर

लोकांना विचारायला पैसे लागत नाहीत हो. आणि इथेही कौन्सिलं पैसे नाहीत म्हणूनच रडतात.

कोपऱ्यातला बाक

४२ दिवसांची कल्पना मी उचलतोय. आपल्याकडे तसा नियम नाही, पण दोन्ही केंद्रांतल्या पालकांची सभा शाळा चालू असताना घेतली आणि ठराव लिहून घेतला तर कोण अडवणार आहे? सभा मात्र दुपारी अडीचची गाडी गेल्यावर लावू नका, नाहीतर ज्यांचा विषय तेच गैरहजर.

माझं मूळ मत कायम आहे. गुरुजींच्या तीन अटी घालतो, हातवारे यांची ओळ घालतो. आणि मॅडम, तुमच्यासाठी: कक्षात कुठलंही मूल दिवसातून एका तासापेक्षा जास्त बसणार नाही, बाकी वेळ वर्गात.

फिरता खडू

तास ठरवून चालणार नाही. स्वमग्न मुलाला कधी सबंध सकाळ शांत जागा लागते, कधी दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक मुलाचा आराखडा आम्ही आजही करतो, वर्गशिक्षकांची त्यावर सही असते. सही करताना वाचत नाहीत, एवढंच. ते वाचायला लावा, माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा फिरतीच्या भाड्याचा आहे, आणि तो संपणार नाही. कक्ष केंद्रशाळेत आला तर आठवड्यातले किती दिवस मी बाकीच्या शाळांत हे आधी ठरवा, मग सामानाचा टेम्पो बोलवा.

दुपारची एसटी

एक विचारायचं राहिलं. कक्ष केंद्रशाळेत आला की अंतर कमी होणार. मग प्रवास भत्ता बंद करतील का? आमच्या वाडीपासून केंद्रशाळा चार किलोमीटर आहे आणि त्या रस्त्याला एसटी नाही. तालुक्याला निदान गाडी जाते. चार किलोमीटर आठ वर्षांच्या मुलीला उचलून कसं नेऊ?

फिरता खडू

ताई, त्या २०१६ च्या कायद्याच्या १६ व्या कलमात मुलाच्या वाहतुकीची सोय आहे, आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या सोबत्याचीही. पण भत्ता ठरवताना अंतर बघतात, गाडी आहे की नाही हे बघत नाहीत. तोंडी विचारू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, रस्त्याला एसटी नाही हे त्यात लिहा आणि पोच घ्या. मसुदा मी करून देते.

कोपऱ्यातला बाक

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अशा वाड्या दोन्ही केंद्रांत मिळून किती आहेत त्याची यादी आधी करावी लागेल. गुरुजी, तुमच्या केंद्रातली नावं सांगता का?

जुने गुरुजी

सांगतो. पावसाळ्यात ओढा आडवा येतो अशा वाड्या वेगळ्या लिहा, त्या उन्हाळ्याच्या अंतरात धरू नका.