व्यवसायाने समाजमाध्यमांवर किती विसंबावे?

रविवारपेठकर

पुण्याच्या रविवार पेठेत आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे आणि ते सांभाळणारी माझी तिसरी पिढी. गेली सहा-सात वर्षे आम्ही समयांची, घंगाळांची, पाण्याच्या पिंपांची छायाचित्रे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर टाकतो, व्हॉट्सॲपवर भाव कळवतो, कलईची भांडी कोणत्या दिवशी आणावीत हेही तेथेच सांगतो. बाणेर-बालेवाडीकडची जी तरुण मंडळी पूर्वी पेठेत फिरकत नसत, ती आज फोनवरचे छायाचित्र पुढे करून "अगदी हेच हवे" असे म्हणत येतात. ही माध्यमे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. ग्राहकाशी होणारा आपला सगळा संवाद आपण अशा जागेत नेऊन ठेवला आहे, जिची किल्ली आपल्याकडे नाही, हे माझे म्हणणे आहे.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी एका माध्यमावरचे आमचे खाते नियमभंगाच्या मोघम कारणाने बंद झाले. कोणता नियम, कोणत्या छायाचित्रामुळे मोडला, हे आजतागायत कळलेले नाही. अर्जाला यंत्राकडून ठरावीक उत्तर येत असे. माणसाशी बोलण्याची सोय नव्हती. अकरा हजार लोक आम्हाला तेथे ओळखत होते आणि त्यांतल्या शंभरांचेही फोन क्रमांक आमच्याकडे नव्हते. चौदा जणांनी आगाऊ रक्कम भरलेली होती. त्यांची मापे, पत्ते आणि भांड्यांवर घालायची नावे त्याच बंद खात्यातल्या संभाषणात होती. खाते उघडले तेव्हा भाऊबीजही उलटून गेली होती. लोकांनी आम्हाला बुडवे समजावे याचे जे दुःख झाले, ते विक्री बुडाल्याच्या दुःखाहून मोठे होते.

हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला तीन दिवस उरले असताना, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप रात्री नऊनंतर सुमारे सहा तास जगभर बंद पडले होते. तिन्ही सेवा एकाच कंपनीच्या असल्यामुळे एक बंद पडली तर दुसरीवरून कळवू, हा पर्यायही उरला नाही.

माझ्या वडिलांच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि मुलीच्या लग्नात दिलेल्या भांड्यांची यादी असे. माझे मत असे की समाजमाध्यम हा दुकानाचा फलक मानावा. मागणी, पैसे आणि तक्रार या तीन गोष्टींची नोंद मात्र आपल्या वहीतच असावी. इतर व्यावसायिकांना आणि ग्राहकांना काय वाटते?

चकलीभाजणी

काका, तुमचे नुकसान वाचून वाईट वाटले, पण तुमचे मत मला पूर्णपणे पटले नाही. तुमची वही भरली ती रस्त्यावरच्या दुकानामुळे. रविवार पेठेतून रोज जी हजारो माणसे जातात, ती तुम्हाला तीन पिढ्या आपसूक मिळालेली जाहिरात आहे. मी सिंहगड रस्त्यावर दोन खोल्यांच्या घरात फराळ करते. माझ्या दारासमोरून कोणी जात नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी मी केलेली आहे, ती मी केली तेव्हा बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला वर्षाकाठी शंभर रुपयांत होत असे. परंतु दुकानाच्या गाळ्याची अनामत रक्कम मी कोठून आणणार होते?

माझा व्यवसाय खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २०२०च्या टाळेबंदीत, शेजारच्या तीन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांमुळे. त्याच गटांवर देवगडच्या बागायतदारांच्या आंब्याच्या पेट्यांची आणि जुन्नरच्या भाजीची नोंदणी होत असे. लोकांना माल हवा होता, आमच्यासारख्यांकडे तो होता आणि मधले सगळे मार्ग बंद होते. पुढे इन्स्टाग्रामवर मी तळणाचे छोटे व्हिडिओ टाकू लागले. भाजणी किती खमंग भाजायची, मोहन किती घालायचे, चकलीभोवतीचे बुडबुडे ओसरल्याशिवाय ती का काढायची नाही, हे मी बोलत बोलत दाखवते. ते पाहून अमेरिकेतल्या मुलांसाठी फराळ पाठवणाऱ्या आया मला फोन करतात. "तुमचे हात दिसले म्हणून विश्वास वाटला," असे त्यांतल्या एका आजींनी मला सांगितले होते. हे समाधान कोणत्याही पत्रकाने मला दिले नसते. ज्यांना फलक लावायला भिंतच नाही, त्यांच्यासाठी हे माध्यम हेच दुकान आहे. कृपया त्याला दुय्यम ठरवू नये.

छापखाना

माझा व्यवसाय छपाईचा असल्याने मी रविवारपेठकरांची बाजू घेईन असे वाटेल, म्हणून आधीच सांगतो की मी ती घेणार नाही. भाड्याच्या जागेची भीती नवीन नाही. वर्तमानपत्रातली जाहिरातही भाड्याच्याच जागेत असायची. १९३२ पासून निघणाऱ्या 'सकाळ'मधल्या छोट्या जाहिरातींवर या शहरातल्या कितीतरी शिकवण्या, खानावळी आणि विवाहमंडळे चालली. ती जागा संपादकांची होती, व्यावसायिकाची नव्हती, आणि तरीही तिच्याशिवाय धंदा होतो असे कोणी मानत नव्हते.

शिवाय आमच्या पत्रकांचे खरे स्वरूप मी पाहिलेले आहे. पाच हजार पत्रके छापून पहाटे वर्तमानपत्रांत घालायला दिली, तर त्यांतली किती वाचली गेली आणि किती रद्दीत गेली, हे सांगण्याचे कोणतेही साधन नसे. ग्राहकाला उलट बोलायचीही सोय नव्हती. आज मिठाई शिळी निघाली, तर ग्राहक दुकानाच्या पानावरच चारचौघांत तसे लिहितो आणि दुकानदाराला उत्तर द्यावे लागते. ही सक्ती चांगली आहे. माझा स्वतःचा धंदा निम्म्यावर आला असूनही मी हे म्हणतो आहे.

मोहिमकार

मी लहान व्यवसायांची समाजमाध्यमांवरील खाती सांभाळण्याचे काम करतो, म्हणजे या व्यवहारात माझे पोट आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. छापखाना यांनी दिलेली तुलना एका महत्त्वाच्या जागी तुटते. वर्तमानपत्राचा दर प्रति चौरस सेंटिमीटर ठरलेला असे आणि तो आधी कळत असे. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीचा लिलाव होतो. तुमची जाहिरात कोणाला, किती वेळा दिसेल हे तुम्ही लावलेली बोली, ती पाहून माणूस काही कृती करील याचा यंत्राने बांधलेला अंदाज आणि जाहिरातीचा दर्जा या तिन्हींवर ठरते. दिवाळीच्या आधी सगळेच बोली लावतात, तेव्हा चकलीभाजणीताईंना तोच ग्राहक गाठायला श्रावणापेक्षा जास्त पैसे मोजावे लागू शकतात, कारण त्या एकाच लिलावात मोठ्या कंपन्याही उभ्या असतात.

पैसे न देता पोहोचण्याची वाटही अरुंद होत गेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की व्यवसायांच्या पानांपेक्षा मित्रांचे आणि कुटुंबीयांचे लेखन आधी दाखवले जाईल. वाचकाच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असेलही. परंतु ज्यांनी त्याआधी वर्षानुवर्षे खपून अनुयायी जमवले होते, त्यांना त्याच अनुयायांपर्यंत पोहोचण्यासाठी पैसे भरण्याची वेळ आली. तेव्हा अकरा हजार हा आकडा रविवारपेठकरांची मालमत्ता नव्हता, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

वहीचा उपाय मात्र त्यांनी फार सोपा करून मांडला आहे, असे मला वाटते. वही ठेवायची म्हणजे संमती घेऊन क्रमांक मागायचे, ते जपायचे आणि मोजकेच संदेश पाठवायचे. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) एका वेळी २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. मला ही अट फार शहाणपणाची वाटते, कारण त्यामुळे ग्राहकाने तुम्हाला आधी आपल्या यादीत घ्यावे लागते. काही दुकानदार ती टाळण्यासाठी बाहेरून क्रमांकांच्या याद्या विकत घेतात आणि शेकडो लोकांनी तक्रार केल्यावर क्रमांकच बंद झाला म्हणून माझ्याकडे येतात. त्यांचे काम मी घेत नाही.

डहाणूकर कॉलनी

आतापर्यंत सगळे व्यावसायिकच बोलले, म्हणून ग्राहक या नात्याने लिहिते. मला दोन गोष्टींचा मनापासून त्रास होतो. पहिली म्हणजे "किमतीसाठी मेसेज करा" हे वाक्य. तुळशीबागेतला साधा विक्रेताही विचारल्यावर चारचौघांत भाव सांगतो आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही तो ऐकू जातो. मग साडीच्या छायाचित्राखाली किंमत लिहिण्यात अडचण कोणती आहे? खाजगी संदेशात प्रत्येकीला वेगळा भाव सांगितला गेला, तर ते आम्हाला कळणार कसे? ई-वाणिज्यासाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांत विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवावी असे सांगितले आहे. नियमाचे शब्द घरगुती विक्रेत्याला कितपत लागू होतात यावर वाद घालता येईल, पण त्यातला प्रामाणिकपणा सर्वांनाच लागू आहे.

दुसरी गोष्ट पैसे घेऊन केलेल्या शिफारशींची. एखादी लोकप्रिय मुलगी एखाद्या उपाहारगृहात जाऊन "पुण्यातली सर्वांत चांगली थाळी" असे सांगते, तेव्हा तिला जेवण फुकट मिळाले की मानधनही मिळाले, हे मला कळायला हवे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये असा संबंध ठळकपणे उघड करण्यास सांगितले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. असे असूनही मी पाहते त्यांतल्या कितीतरी व्हिडिओंत तसा उल्लेख नसतो, किंवा असला तरी तो पंधरा हॅशटॅगच्या ढिगाखाली असतो. मोहिमकार, तुम्ही ज्यांची कामे करता त्यांच्या बाबतीत हे पाळले जाते का?

आणि रविवारपेठकरकाका, तुमच्या वहीबद्दलही मला विचारायचे आहे. एका दुकानात बिलासाठी म्हणून क्रमांक मागितला गेला आणि त्यानंतर वर्षभर मला सवलतींचे संदेश येत राहिले. तुमच्या वहीत माझे नाव असावे की नाही, हे कोण ठरवणार?

मोहिमकार

डहाणूकर कॉलनी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर देतो. सुरुवातीची दोन वर्षे आम्ही ते पाळले नाही. एका उपाहारगृहाच्या मालकांनी "जाहिरात म्हटले की लोक येत नाहीत" असे सांगितले आणि मी ते ऐकले. ते माझे चुकलेच. आता मी व्हिडिओच्या पहिल्याच वाक्यात ते बोलून घेतो. दोन ग्राहक त्यामुळे मला सोडून गेले.

रविवारपेठकर

चकलीभाजणीताई, पेठेतल्या रहदारीचा जो मुद्दा तुम्ही मांडला, तो मी या दृष्टीने कधी पाहिला नव्हता. आमच्या आजोबांनी गाळा घेतला म्हणून मला वहीचा आग्रह धरता येतो, हे खरे आहे. समाजमाध्यमाला केवळ फलक म्हणणे माझ्यापुरते ठीक असले, तरी तुमच्यासाठी ते अन्यायाचे आहे. मात्र तुमचे सगळे दुकानच तेथे असेल, तर माझ्यापेक्षा तुम्हालाच नोंदीची गरज अधिक आहे, असे मला आता आणखी जोराने वाटते. फराळाची नोंदणी ऐन भरात असताना तुमचे खाते तेरा दिवस बंद राहिले, तर तुम्ही काय कराल?

डहाणूकर कॉलनी, वहीत नाव असावे की नाही हे तुम्हीच ठरवायचे. वडिलांच्या काळी गिऱ्हाईक स्वतः सांगून नाव लिहवून घेत असे, कारण पुढच्या खेपेला त्याच मापाचे झाकण हवे असायचे. आम्ही बिलाच्या वेळी सरसकट क्रमांक घेतो, तो यापुढे कलईसाठी किंवा मागणीसाठी भांडे ठेवून जाणाऱ्यांचाच घेऊ. भावाचे म्हणाल, तर तांब्या-पितळेचा दर वरचेवर बदलतो म्हणून आम्ही किंमत लिहीत नव्हतो. पण वजन आणि त्या दिवशीचा किलोचा दर लिहिणे मुळीच अवघड नाही.

चकलीभाजणी

काका, काल रात्री बसून मी गेल्या दिवाळीच्या मागण्या मोजल्या. दोनशे बारा होत्या. त्यांतल्या एकशे ऐंशी जणांचे क्रमांक फोनमध्ये निघाले, ते मुलीच्या जुन्या वहीत उतरवून काढले आहेत. उरलेल्या बत्तीस जणांशी बोलणे फक्त इन्स्टाग्रामवर झाले होते. त्यांना आज एकेक करून विचारते आहे की क्रमांक द्यायला तुमची हरकत नाही ना. आतापर्यंत एकोणीस जणांनी दिला, एकीने नको म्हटले आणि बाकीच्यांची उत्तरे यायची आहेत.